वळणापलीकडचा आवाज

सोमवार, ३ तारीख

ही डायरी हिनं आणून दिली. म्हणाली, "रिटायर व्हायला चार महिने उरलेत, कशाची तरी सवय लावून घ्या." हल्ली ही फार मोठ्यानं बोलते. पूर्वी अशी नव्हती. वय झालं की माणसाचा आवाज चढतो म्हणतात, ते खरं असावं.

तर लिहिण्यासारखं आज घडलंय. मॅनेजरसाहेबांनी बोलावून घेतलं. त्यांच्या समोर एक बाई बसलेल्या. उंची पाच फूट भरायची नाही, पण सोबतची पेटी दोघांना उचलवेना. खाणीत बिनतारी फोन बसवायला आल्यात. साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत चाचणी. तुमच्या रजिस्टरवर 'ऐकू आलं' अशी सही पडली, तर सगळा खालचा मजला बिनतारी करू. नाही पडली तर सामान परत आणि वायर आहेच."

वायर म्हणजे मी. सत्तावीस वर्षं या खाणीतला टेलिफोनवाला आहे. प्रत्येक जोड माझ्या हातचा. आता ही कानामागून आली आणि तिखट झाली, असं मनात आलं, खोटं कशाला लिहू?

पण दोन वर्षांपूर्वीचा दिवसही आठवला. खालच्या मजल्यावर छत कोसळलं, वायर तुटली, नऊ माणसं आत. त्यांत आमचे चिरंजीव, तिथले मुकादम. सहा तास मी मुका रिसीव्हर कानाला धरून बसलो होतो. सगळे सुखरूप निघाले, पण ते सहा तास अजून माझ्या अंगात आहेत. त्यामुळे ही बाई जिंकली तर माझी वायर जाईल, हरली तर चिरंजीव पुन्हा त्या एका वायरवर. देवा, काय मागू तुझ्याकडे?

मंगळवार, ४

बाईंना घेऊन लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली उतरलो. पिंजऱ्याच्या पायथ्याशी माझं ठाणं: एक टेबल, फोन, रजिस्टर. शेजारी पंपघर आणि तिथली खड्या आवाजाची पंपवाली. तिथून दीड किलोमीटर आत खालचा मजला, मध्ये एक काटकोनी वळण.

नवा साहेब आला की आधी आम्हाला शिकवायला लागतो. या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "काका, पाणी कुठे कुठे गळतं?" मग, "लोक टेकून कुठे बसतात?" मग, "गेल्या वर्षी होतं आणि आता नाही, असं काय काय आहे?" मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. दर दहा पावलांवर थांबून मोजमाप. गुडघाभर चिखलातसुद्धा पावलं दहाच. नऊ नाहीत, अकरा नाहीत.

कळलं ते असं. उघड्यावर लहर चौफेर पसरते. बोगद्यात मात्र तिला दोन भिंतींच्या मधूनच वाट काढावी लागते. सरळ वाटेवर मजेत जाते, वळणावर डोकं आपटते. बाईंनी दोन तऱ्हेच्या अँटेना आणल्यात. एक साधी काडी. दुसरं तळहाताएवढं तांब्याचं पान, मागे मुठीएवढी पेटी, तिच्यात स्वतःची बॅटरी, आणि बांधणी अशी की ठिणगी उडणार नाही. एका पेटीनं ऐकायचं आणि पुढचीला सांगायचं. थोडक्यात, चुगलखोरांची रांग.

गुरुवार, ६

आज फार हसलो. बाईंनी काल काड्या लावल्या. आज जाऊन बघतो तर प्रत्येक काडीला पिशवी लटकलेली! खाणीत भिंतीतून काही बाहेर आलेलं दिसलं की आमची माणसं त्याला डबा अडकवणारच. अडकवायला खुंटी आणि टेकायला भिंत, एवढ्यावर इथला माणूस आयुष्य काढतो.

मला वाटलं, बाई आता चिडणार. त्या म्हणाल्या, "राहू द्या, काढू नका. मला पिशवीसकटच मोजायचंय." काडी पिशवीनं मुकी झाली. ओल आली तरी मुकी. मग पानाला पिशवी अडकवली, पाणी ओतलं, वर कोळशाची भुकटी फासली. पान बोलतच राहिलं.

"असं कसं?" मी विचारलं.

"काका, काडीला एकच सूर येतो. भिंत जवळ आली, ओल लागली की तो सूर सरकतो आणि तिचं गाणं बंद. या पानाला खालपासून वरपर्यंत सगळे सूर येतात. एक गेला तरी दुसऱ्यात गातं."

मोठी हुशार बाई. माणसांना सुधारायला गेली नाही, ती आहेत तशी धरून यंत्र निवडलं. सत्तावीस वर्षांत असा इंजिनियर मी पाहिला नाही.

सोमवार, १०

पहिली ऐकायची चाचणी. मी ठाण्यावर, बाई आणि चिरंजीव वळणापलीकडे. आधी चिरंजीव बोलले, "बाबा, ऐकू येतंय का?" खणखणीत! जणू टेबलाखाली बसलाय. मग बाईंची पाळी. काहीच नाही. पुन्हा चिरंजीव म्हणाले, "बाई बोलल्या आत्ता." मी म्हटलं, "पुन्हा बोलायला सांग." काहीच नाही. थोडी खरखर, बस्स.

रजिस्टरमध्ये लिहिलं: मुकादमाचा आवाज आला. बाईंचा आला नाही. चाचणी नापास.

माझ्या उस्तादानं घालून दिलेला नियम आहे. कानानं ऐकल्याशिवाय हातानं लिहायचं नाही. बाई ठाण्यावर आल्या, रजिस्टर वाचलं, कपाळाला आठी नाही. म्हणाल्या, "तुम्ही ऐकलं नाहीत म्हणजे आलं नाही. मी शोधते."

बुधवार, १२

बाईंनी वळणावर तीन पानं जास्त लावली. आज पुन्हा नापास.

संध्याकाळी घरी ही चिडली. कुकर शिट्यांवर शिट्या देत होता म्हणे आणि मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. एक शिटी झाली नाही. गॅस्केट गेलंय, बाकी काही नाही. उद्या नवं आणतो.

शनिवार, १५

तीन दिवस बाई चिखलात आहेत. गुडघे सोललेत. वळणाला वळसा घालून एक जुनी हवेची वाट आहे, फळ्या ठोकून बंद केलेली. मीच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की माझी पहिली वायर त्या वाटेनं गेली होती. बाई म्हणाल्या, "मग लहरही जाईल." फळ्या काढून आत शिरल्या. वाट पुढे फुटते, त्या फाट्यापर्यंत सात पानं लावून आल्या. एवढा खटाटोप कोणी करायला लावला? माझ्या रजिस्टरनं.

साहेब ठाण्यावर आले होते. म्हणाले, "काका, बाईंच्या यंत्रात सगळं उत्तम दिसतंय. टाका की एक सही." मी म्हटलं, "यंत्रात दिसत असेल, मला ऐकू आलं नाही." वाटलं, बाई साहेबांची री ओढतील, कारण नुकसान त्यांचंच. पण त्या म्हणाल्या, "साहेब, संकटात यंत्र बघायला कोणी नसतं. काकांना ऐकू यायला हवं. ते म्हणतात तेच लिहायचं."

मला भरून आलं. पोटच्या पोरानं एवढी बाजू घेतली नसती. आणि तरीही, घरी चालत येताना मनात म्हणालो, बाई, माणूस म्हणून तू सोनं आहेस, पण यंत्र तुला जमलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

रविवार, १६

नवं गॅस्केट घातलं. तरी शिटी नाही. हल्ली माल कसला काढतात देव जाणे. हिनं उठून गॅस बंद केला.

लेकीकडून नातीचा फोन आला. पाच वर्षांची झाली, पण फोनवर अजून बोलत नाही. नुसती श्वास घेत बसते. लाजाळू आहे.

सोमवार, १७

बाईंनी माझ्या टेबलावर एक काट्याचं मीटर बसवून दिलं. "आवाज येवो न येवो, काटा हलला की वेळ लिहा." आज काटा अकरा वेळा हलला, आवाज दोनदाच आला, दोन्ही वेळा चिरंजीवांचा. मी म्हटलं, "तुमचा काटा खोटारडा आहे." त्या काट्यावरची नजर काढून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, एकदा तुमच्या वायरच्या फोनवर घेऊ या का चाचणी?"

घ्या की! चिरंजीवांचा आवाज आला. बाईंचा आला नाही.

माझ्या वायरवर!

गुरुवार, २०

तीन दिवस वायर तपासतोय. एकेचाळीस जोड उघडले, घासले, पुन्हा बांधले. सगळे लखलखीत. एकही जोड सडलेला नाही. बाई कंदील धरून सोबत होत्या. बत्तिसाव्या जोडाशी काहीतरी सांगणार होत्या, असं वाटलं. तोंड उघडलं आणि मिटलं. दमल्या असतील.

घरी हिला सांगितलं. म्हटलं, "काहीच दोष नाही, मग आवाज जातो कुठे?" ही पदरानं डोळे पुसत आत गेली. माझ्या वायरचं हिला एवढं दुःख असेल असं वाटलं नव्हतं.

शनिवार, २२

हे आजच लिहायला हवं.

सकाळची पाळी. बाई खालच्या मजल्यावर, चिरंजीव आणि त्यांची तेरा माणसं तिथेच. साडेदहाला जमीन हलली. पायातून कळलं. सत्तावीस वर्षांत पाय शहाणे होतात. फोन उचलला तर वायर मेलेली. पंपवाली धावत आली. म्हणाली, "दादा, वळणाजवळ बसलं छत. धूळ येतेय." तिनं वर घंटा दिली आणि पंपाकडे पळाली.

मी बिनतारी फोनचा रिसीव्हर कानाला लावला. काही नाही. पुन्हा तेच, सहा तासांचं ते दुःस्वप्न.

तेवढ्यात काटा हलला.

मी म्हटलं, खोटारडा. पुन्हा हलला. थांबला. हलला. माणूस बोलतो, थांबतो, वाट बघतो, तसा. मी रिसीव्हर दाबून दाबून कान दुखवून घेतला. आत खरखर. काटा मात्र बोलतोय. आणि तेव्हा एकदम सगळं माझ्यासमोर येऊन बसलं. अकरा वेळा हललेला काटा. एकेचाळीस लखलखीत जोड. कुकर. लाजाळू नात.

घड्याळ सांगतं की काटा पहिल्यांदा हलल्यापासून मला हे कळेपर्यंत चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं माझ्या नावावर आहेत. कोणी विचारलं नाही तरी इथे लिहून ठेवतो.

मी पंपघरात गेलो, पंपवालीचा दंड धरून तिला ओढत आणलं आणि रिसीव्हर तिच्या हातात कोंबला. "तू ऐक. कोणीतरी बोलतंय. मला ऐकू येत नाहीये."

तिनं कानाला लावला आणि तिचा चेहरा बदलला. "दादा, बाई आहेत! अगदी साफ येतंय!"

"काय म्हणतात?"

"पंधरा जण आहेत. सगळे जिवंत. वाट बंद झालीय. पंख्याची नळी तुटलीय, हवा जड होत चाललीय. विचारतात, काय करू?"

"आणि मुकादम?" मी विचारलं.

ती ऐकून म्हणाली, "आहेत. एकाचा पाय दगडाखाली आहे, तो मोकळा करतायत."

मग मी बोललो. ऐकायचं तिनं, बोलायचं मी. म्हटलं, "बाई, जुनी हवेची वाट. तुम्ही अलीकडून पानं लावलीत तीच. तिचं दुसरं तोंड तुमच्या मागे आहे, पाण्याच्या टाकीमागे, फळ्या ठोकलेल्या असतील. आत गेलात की दोन फाटे लागतील. एकात हवा मेलेली आहे, तिकडे पाऊल टाकायचं नाही. भिंत चाचपा. ज्या फाट्यात पांढऱ्या चिनीमातीच्या खुंट्या हाताला लागतील, तो आपला. त्या माझ्या पहिल्या वायरच्या खुंट्या. दर वीस पावलांवर एक. एक सुटली तर पुढे जायचं नाही, मागे येऊन शोधायची."

पंपवाली सांगत होती, "फळ्या निघाल्या... पाय निघाला त्या माणसाचा, उचलून घेतलंय... फाटा आला..."

मग बराच वेळ काही नाही. काटाही नाही. पंपवालीनं माझा हात धरला होता की मी तिचा, आठवत नाही.

काटा हलला. पंपवालीनं रिसीव्हर काढून माझ्या कानाला लावला. "हे तुमच्यासाठी आहे, दादा."

"बाबा, खुंटी सापडली."

एवढंच. हा आवाज मला येतो. पोराचा आवाज माझ्या बापावर गेलाय, खर्जातला. मी म्हटलं, "मोजत ये."

पन्नास मिनिटांनी पंधरा जण ठाण्यावर आले. बाई सर्वांत शेवटी. चेहरा काळा ठिक्कर, नुसते डोळे दिसत होते. मी हात जोडले. त्या माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर बसल्या, पाण्याचा तांब्या घटाघटा प्यायल्या आणि माझ्या पायावर हात ठेवून रडल्या. मीही रडलो. पंपवालीनं आम्हा दोघांना झापलं, तिचं मात्र अक्षर न् अक्षर ऐकू आलं, कारण तिचा आवाज पंपावर मात करायला घडलाय.

सोमवार, २४

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. माझ्या कानातले खालचे सूर शाबूत आहेत, वरच्या पट्टीतले गेले. बायकांचे, मुलांचे, शिटीचे. समोरासमोरचं बोलणं मी ओठांवरून ओळखत होतो म्हणे. वर्षानुवर्षांच्या सुरुंगांनी आणि पंपांनी हळूहळू नेले. मी पान समजत होतो स्वतःला, निघालो काडी.

बाईंना विचारलं, "केव्हा कळलं तुम्हाला?"

"काटा बसवला त्या दिवशी शंका आली. वायरवरही तेच झालं, तेव्हा खात्री पटली."

"मग बोलला का नाहीत? एकेचाळीस जोड उघडू दिलेत!"

त्यांनी मान खाली घातली. "बत्तिसाव्या जोडाला सांगणार होते. तुम्ही तो जोड इतक्या मायेनं बांधत होतात, की धीर झाला नाही. चुकलंच माझं. शनिवारी आत बसून तेच मनात येत होतं, की सांगितलं असतं तर चार मिनिटं वाचली असती."

म्हणजे ती चार मिनिटं आम्ही दोघांनी वाटून घेतली आहेत.

मग म्हणाल्या, "पण काका, एक खरं सांगू? पहिल्याच दिवशी तुम्ही 'आलं' लिहिलं असतं, तर मी वळणापर्यंत पानं लावून निघून गेले असते. छतानं ती सगळी गाडली. शनिवारी आवाज पोचला तो हवेच्या वाटेतल्या सात पानांनी, फाट्यापलीकडून. ती तुमच्या 'नाही'मुळे लावली."

माझं मन राखायला म्हणाल्या असतील, असं दुसऱ्या कोणाबद्दल म्हटलं असतं. पण दहा पावलं म्हणजे दहाच पावलं मोजणारी बाई आहे ही. खोटं बोलत नाही. म्हणून लिहून ठेवलं.

मंगळवार, २५

आज शेवटची चाचणी. वळणावरचा ढिगारा माणूस जाईल एवढा उपसून झाला होता. बाई वळणापलीकडे. रिसीव्हर पंपवालीच्या कानाला, रजिस्टर माझ्यापुढे. पंपवाली म्हणाली, "आलं." मी पेन उचललं आणि थांबलो. उस्तादाचा नियम. मी ऐकलं नव्हतं, मग माझ्या हातानं 'ऐकू आलं' कसं लिहिणार? पेन पंपवालीला दिलं. तिनं लिहिलं, सही केली. अक्षर गिचमिड आहे, पण खरं आहे.

मग मी मागची पानं उलटली. दहा तारखेपासूनच्या सगळ्या 'नापास' नोंदी. खोडल्या नाहीत. रजिस्टरमध्ये खाडाखोड करत नाहीत. प्रत्येकीच्या समासात एकच ओळ लिहिली आणि खाली सही केली: "आवाज आला होता. यंत्रात दोष नाही. दोष ऐकणाऱ्याच्या कानात."

साहेब म्हणाले, "एवढं कशाला लिहिता? चार महिने तर राहिलेत." मी म्हटलं, "पुढे कोणी वाचेल आणि म्हणेल, बाईंचं यंत्र आठ वेळा नापास झालं होतं. ते मला चालणार नाही." उरलेले चार महिने बाईंनी मला मागून घेतलंय, पानं कुठे लावायची ते दाखवायला. खालच्या मजल्यावरची एकूण एक गळती मला पाठ आहे.

घरी येऊन हिला समासातली ती ओळ म्हणून दाखवली. ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. पाठमोरीच काहीतरी बोलली.

एरवी मी 'हं' म्हटलं असतं. दोन वर्षं 'हं'वरच काढली, आता कळतंय. आज उठून तिच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "पुन्हा बोल. मला ऐकू आलं नाही."